पहिल्या मानधनाचा नकाशा : काल्पनिक खंड रेखाटण्याची पायरीवार पद्धत

हौसेने काल्पनिक खंडाचा नकाशा काढणाऱ्याला डोंगर आधी उभा करून त्याचे कारण मागाहून शोधण्याची मुभा असते. मानधन घेऊन काढलेल्या नकाशात ती राहत नाही, कारण त्या डोंगरापलीकडे ग्राहकाच्या कथेतले सैन्य चाळीस पाने आधीच पोहोचलेले असते आणि ते तिथे कोणत्या वाटेने गेले याचे उत्तर नकाशाला द्यावेच लागते. नवोदित चित्रकार बहुधा रेषेच्या सफाईत कमी पडत नाही. तो निर्णयांच्या क्रमात चुकतो. पेन्सिलीतली नदी हलवायला दोन मिनिटे लागतात, तर शाई चढलेली, नाव लिहिलेली आणि तिच्या काठाने चार गावे वसलेली नदी हलवायला अख्खा दिवस जातो. म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच सूत्रावर उभी आहे : जे बदलणे सर्वांत महाग पडेल ते सर्वांत आधी ठरवावे आणि प्रत्येक टप्प्यावर ग्राहकाची लेखी संमती घेतल्यावरच पुढे जावे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक नेहमी घडणारे उदाहरण धरू. एका मराठी लेखिकेने तीन भागांची अद्भुतरम्य कादंबरी लिहायला घेतली आहे, पहिला भाग पूर्ण झाला आहे आणि डेमी आकाराच्या (पान साडेपाच गुणिले साडेआठ इंच) पुस्तकात सुरुवातीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर काळ्या-पांढऱ्या छपाईत खंडाचा नकाशा हवा आहे. ग्राहक एखाद्या भूमिकाखेळाचा (रोल-प्लेइंग गेमचा) निर्माता असता, तर रंग, आकार आणि चौकटींचे जाळे यांत फरक पडला असता. कामाचा क्रम मात्र हाच राहिला असता.

रेघ ओढण्यापूर्वीची बोलणी

पहिल्या भेटीत किंवा पहिल्या पत्रव्यवहारात नकाशा कुठे कुठे वापरला जाणार हे विचारावे. केवळ छापील पुस्तकात, ई-पुस्तकातही, की जाहिरातीच्या पोस्टरवरसुद्धा, यावर फाइलचा आकार आणि मानधन ही दोन्ही अवलंबून असतात. त्यानंतर नावे कोणत्या लिपीत हवीत, अंदाजे किती ठिकाणे दाखवायची आहेत, छपाईला पुस्तक कधी जाणार आहे आणि लेखिकेला आवडलेले दोन-तीन नकाशे कोणते, हे समजून घ्यावे. आवडलेल्या नकाशातले नेमके काय आवडले हेही विचारावे, कारण ‘जुन्या वळणाचा’ या शब्दांत एकाला पिवळट कागद अभिप्रेत असतो, तर दुसऱ्याला समुद्रातली जहाजे.

दोन प्रश्न नवखे चित्रकार सहसा विचारत नाहीत. पहिला असा की हा नकाशा कथेच्या जगात कोणी काढलेला आहे? दरबारी नकाशाकाराने काढलेला असेल, तर शत्रूचा मुलूख त्यात अपुरा आणि चुकीचाही असू शकतो. सर्वज्ञ निवेदकाचा असेल, तर तशी सवलत नाही. दुसरा प्रश्न रहस्याचा. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर जंगलातली गुप्त नगरी नावानिशी दाखवली, तर ती शोधण्यात वाचकाला दोनशे पाने कसला रस राहणार? काय दाखवायचे नाही याची यादी लेखिकेकडून लेखी घ्यावी.

मानधन ठरवताना नकाशाच्या आकारावरून दर सांगू नये. कामाचे तास मोजावेत. उदाहरणादाखल संहितेचे वाचन व नोंदी ६ तास, कच्चे आराखडे ८, अंतिम रेखाटन १४, नावांची मांडणी ७ आणि दुरुस्त्या व फायली ५ असे ४० तास होत असतील, तर पहिल्या कामात अंदाज हमखास कमी पडतो हे लक्षात घेऊन ५० धरावेत आणि आपल्या तासाच्या दराने गुणावे. ओळखीखातर किंवा पहिलेच काम म्हणून सवलत द्यायची असल्यास बिलात पूर्ण रक्कम लिहून त्याखाली सवलत वेगळी दाखवावी, म्हणजे दुसऱ्या भागाच्या वेळी खरा दर सांगताना अवघडल्यासारखे होत नाही. रक्कम तीन हप्त्यांत घ्यावी : सुमारे ४० टक्के आगाऊ, ३० टक्के कच्चा आराखडा मंजूर झाल्यावर आणि उरलेले ३० टक्के पूर्ण आकाराच्या फायली हातात देण्यापूर्वी. आगाऊ रक्कम मागायला संकोच वाटतो, पण जो ग्राहक विसार द्यायला कां-कूं करतो तो शेवटचा हप्ताही वेळेवर देत नाही, असाच या व्यवसायातला बहुतेकांचा अनुभव आहे.

करारपत्र दोन पानांचे असले तरी पुरते, मात्र त्यात हक्कांचे कलम स्पष्ट असावे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात नकाशाची गणना कलाकृतीत होते आणि कलाकृतीचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तिचा कर्ता असतो. मात्र मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून रंगवलेले चित्र किंवा व्यक्तिचित्र असेल, तर वेगळा करार नसल्यास ते काढून घेणारी व्यक्ती पहिली मालक ठरते. रंगवलेला नकाशा यांपैकी कशात बसतो यावर वाद घालत बसण्यापेक्षा कोणते हक्क कोणाकडे राहतील हे लिहून काढणे सोपे. हक्क सोपवण्याचा करार लेखी व सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत धरला जातो. प्रकाशकाला हे सहसा नको असते, तेव्हा दोन्ही बाबी भरून घेणे त्याच्याही हिताचे आहे. पुस्तकाच्या छापील व ई-आवृत्तीत वापरण्याची परवानगी द्यावी आणि पोस्टर, खेळ, कपडे यांसाठी वेगळे मानधन ठेवावे. चित्रकार म्हणून आपले नाव कुठे छापले जाईल, हेही याच पानावर ठरवून घ्यावे.

दुरुस्त्यांची मर्यादा घालताना ‘दोन फेऱ्या’ एवढेच लिहून भागत नाही. आराखड्याच्या टप्प्यावर नदी हलवणे ही दुरुस्ती. शाई झाल्यावर तीच नदी हलवणे हे नवे काम, ज्याचे पैसे वेगळे होतील. हा फरक करारात उदाहरणासह लिहावा.

संहितेतून अंतरे काढणे

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि म्हणूनच गाळला जातो, पण वाचकांचा नकाशावरचा विश्वास इथेच जमतो किंवा उडतो. संहिता हाती घेऊन ठिकाणांची नावे, दिशा, प्रवासाचे दिवस आणि भूरूपाचे प्रत्येक वर्णन प्रकरणाच्या क्रमांकासह वहीत उतरवावे. लेखिकेने गोषवारा दिला असला तरी मूळ संहिताच वाचावी, कारण ‘पहाटे निघून दुसऱ्या रात्री पोहोचला’ यासारखी वाक्ये गोषवाऱ्यात येत नाहीत.

मग दिवसांचे किलोमीटर करावेत. वाट बरी असेल तर पायी चालणारा माणूस दिवसाला २५ ते ३० किलोमीटर जातो, घोडा न बदलता जाणारा स्वार ५० च्या आसपास, लादलेल्या बैलांचा तांडा १५, आणि सामानसुमानासह चालणारे पायदळ १५ ते २०. डोंगरात किंवा पावसाळ्यात हे आकडे निम्मे धरावेत. आता वहीतल्या नोंदी अशा दिसतील : तिसऱ्या प्रकरणात व्यापाऱ्यांचा तांडा वेळणे बंदरातून निघून बारा दिवसांनी अंबरकोट या राजधानीत पोहोचतो, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर, अकराव्या प्रकरणात तेच अंतर स्वार चार दिवसांत कापतो, म्हणजे २००. एवढा फरक चालतो. पण एकोणिसाव्या प्रकरणात सैन्य पायी दोन दिवसांत बंदर गाठते, आणि तसे व्हायचे तर अंतर ४० किलोमीटरच उरते. अशी विसंगती सापडली की नकाशात गुपचूप मधला मार्ग काढू नये. लेखिकेला प्रकरण-क्रमांकांसह कळवावी आणि सोबत पर्याय सुचवावेत : सैन्य नदीतून नावांनी उतरते, छावणी आधीच बंदराजवळ पडलेली असते, किंवा मजकुरात दोनाचे दहा दिवस होतात. निवड तिची. पुस्तक अजून छापायला गेलेले नसेल तर या एका पत्राबद्दल ग्राहक जितके आभार मानतो तितके सुंदर डोंगरांबद्दलही मानत नाही.

प्रमाण यातूनच ठरते. डेमीची दोन पाने मिळून रुंदी ११ इंच, म्हणजे जवळपास २८ सेंटीमीटर. समास वजा जाता २४ सेंटीमीटर उरतात. लेखिकेने खंडाची रुंदी २४०० किलोमीटर सांगितली असेल, तर १ सेंटीमीटरला १०० किलोमीटर पडतात आणि वेळणे ते अंबरकोट हे अंतर जेमतेम दोन सेंटीमीटर भरते. म्हणजे पहिल्या भागातले जवळजवळ सगळे कथानक अंगठ्याखाली झाकले जाईल आणि बाकीचा कागद रिकामा राहील. नव्या लेखकांचे खंड गरजेपेक्षा फार मोठे असतात, कारण मोठा आकडा भव्य वाटतो; भारताची पूर्व-पश्चिम लांबी २९३३ आणि उत्तर-दक्षिण ३२१४ किलोमीटर आहे एवढे सांगितले की त्यांनाही अंदाज येतो. अशा वेळी खंड निम्मा करावा, नाहीतर कथेच्या पट्ट्याचा मोठ्या प्रमाणावरचा जोडनकाशा कोपऱ्यात द्यावा आणि त्याचे मानधन वेगळे धरावे.

जमीन घडवण्याचा क्रम

आता पेन्सिल. आधी डोंगररांगा, मग किनारा, मग वारा-पाऊस, मग नद्या, आणि सर्वांत शेवटी माणसांची वस्ती. बरेच जण किनाऱ्यापासून सुरुवात करतात. कागदावर तांदूळ ओतून त्याच्या कडेने रेघ फिरवण्याची युक्तीही प्रसिद्ध आहे. सरावाला ती छान आहे, पण ज्या कथेत अंतरे आधीच ठरली आहेत तिथे तांदळाचे ऐकता येत नाही.

डोंगर रांगेने येतात आणि त्या रांगेला कारण असते. भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडू लागला आणि हिमालय वर आला. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेला सागरी भूपट्ट खंडाखाली शिरतो म्हणून अँडीज किनाऱ्याला धरून उभा आहे. आपल्या खंडावर दोन-तीन बाण काढून कोणता भाग कोणाला भिडतो आहे हे ठरवले की मुख्य रांग आपोआप मिळते. हे बाण अंतिम नकाशात येत नाहीत, पण राज्याभोवती चौकोनी तटासारखी डोंगरांची भिंत उभी करण्याचा मोह त्यांनी आवरतो. सगळेच डोंगर एका साच्याचे काढू नयेत, हेही इथेच सांगायला हवे. सह्याद्री हा वळी पडून वर आलेला पर्वत नाही. ती दख्खनच्या पठाराची पश्चिम कड आहे. कोकणातून पाहताना कडा सरळ उभा दिसतो, तर घाटमाथ्यावरून पूर्वेला जमीन हळूहळू उतरत जाते. अशी कड दाखवायची असेल तर सुळक्यांची ओळ काढू नये; एका बाजूला दाट, आखूड उभ्या रेघा ओढाव्यात आणि दुसरी बाजू जवळजवळ कोरी ठेवावी.

किनाऱ्याच्या रेषेलाही स्वभाव असतो. नॉर्वेचे फियोर्ड, म्हणजे समुद्राचे जमिनीत शिरलेले खोल, अरुंद फाटे, हिमनद्यांनी कोरलेले आहेत, म्हणून तसली दातेरी रेषा उष्ण कटिबंधातल्या बेटाला शोभत नाही. कोकणात डोंगर समुद्राजवळ असल्याने खाड्या, भूशिरे आणि त्यांमधल्या छोट्या पुळणी एकाआड एक येतात. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर मोठ्या नद्यांचा गाळ साचून त्रिभुज प्रदेश आणि चिल्का, पुलिकत यांसारखी खारी सरोवरे तयार झाली आहेत. एकाच खंडाच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या असू शकतात. संपूर्ण किनाऱ्यावर एकसारखी थरथरती रेघ फिरवणे ही नवखेपणाची सर्वांत लवकर ओळखू येणारी खूण आहे.

पावसासाठी वाऱ्याची दिशा ठरवून डोंगराची कोणती बाजू भिजते ते पाहावे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून सुमारे १०० किलोमीटर पूर्वेला माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. आपल्या नकाशाच्या प्रमाणात हे अंतर फक्त एक सेंटीमीटर आहे, म्हणजे घनदाट अरण्य आणि दुष्काळी मुलूख एकमेकांना इतके खेटून दाखवणे मुळीच चूक नाही. मध्ये डोंगर मात्र हवा आणि वारा योग्य बाजूने यायला हवा. मोठी वाळवंटे विषुववृत्तापासून २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात जास्त आढळतात, त्यामुळे खंड पृथ्वीसारख्या ग्रहावर असेल तर अक्षांशांच्या पुसट रेषा पेन्सिलीने आखून घ्याव्यात.

नद्यांविषयी वाचक सर्वांत कठोर असतात. पाणी उताराने वाहते आणि नद्या एकमेकींना मिळत जातात. समुद्राकडे जाताना त्या फुटत नाहीत, अपवाद त्रिभुज प्रदेशाचा. ओरिनोको नदीचा एक फाटा कॅसिक्यारे या प्रवाहातून ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातो हे खरे, पण असला अपवाद कथेत कारण दिल्याशिवाय वापरू नये. सरोवरातून बाहेर पडणारी नदी जवळजवळ नेहमीच एक असते. एकही नसेल तर पाणी आटून क्षार मागे राहतात आणि सरोवर खारे होते, जसे लोणारचे झाले आहे. नदीने जवळचाच समुद्र गाठला पाहिजे असे मात्र नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते, तिथून अरबी समुद्र ८० किलोमीटरच्या आसपास आहे, तरी ती पाठ फिरवून १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, कारण उतार पूर्वेला आहे. दोन नद्या मिळताना त्यांचा कोन बहुधा प्रवाहाच्या दिशेने निमुळता होतो. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात आणि तिथला संगम लोकांना मुद्दाम पाहावासा वाटतो, तो या वेगळेपणामुळेच.

सगळे पाणी वाहून झाल्यावर वस्ती. शहर कुठेही टाकता येत नाही. संगम, नदी पायी ओलांडता येईल असा उतार, सुरक्षित बंदर, घाटाची दोन्ही तोंडे, खनिजाची खाण किंवा तीर्थ यांपैकी काहीतरी त्याच्या मुळाशी असावे. नाणेघाटाच्या वर जुन्नर आणि खाली कल्याण-सोपाऱ्याची बंदरे ही सातवाहन काळापासूनची रचना अभ्यासासाठी उत्तम आहे : माल, वाट, जकात आणि सत्ता ही एका रेषेत कशी येतात ते त्यात दिसते. आपल्या उदाहरणात वेळणे आणि अंबरकोट यांच्यामध्ये काळमुखी खिंड असेल, तर खिंडीच्या पायथ्याला एखादे मुक्कामाचे गाव संहितेत नसले तरी तिथे असणारच. ते लेखिकेला सुचवावे आणि नाव तिलाच ठेवू द्यावे. हा पेन्सिलीचा आराखडा पूर्ण झाला की त्याचे स्वच्छ छायाचित्र किंवा फाइल पाठवून ‘यातील किनारा, डोंगर, नद्या व ठिकाणांच्या जागा मंजूर आहेत’ असे उत्तर ईमेलने मागवावे आणि दुसरा हप्ता घ्यावा. तोंडी होकार पुरेसा समजू नये.

फाइल आणि रेखाटन

साधनांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. क्रिता, गिम्प आणि इंकस्केप या चित्रकामाच्या आज्ञावली मोफत मिळतात आणि या कामाला पुरतात. प्रोक्रिएट किंवा फोटोशॉप हाताशी असेल तर तेही चालेल. वंडरड्राफ्ट, इंकार्नेट यांसारख्या आज्ञावलींत डोंगर-झाडांचे तयार ठसे असतात, मात्र मोफत आवृत्तीत व्यावसायिक वापराची परवानगी असेलच असे नाही. परवान्याच्या अटी वाचाव्यात आणि आपण असे ठसे वापरणार आहोत हे ग्राहकाला आधी सांगावे.

अंतिम रेखाटन छपाईच्या आकारातच, पण ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) करावे. डेमीच्या दोन पानांना म्हणजे ११ गुणिले ८.५ इंचांना ६६०० गुणिले ५१०० पिक्सेल होतात. नकाशा कागदाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा ठेवावेत. कादंबऱ्यांच्या पिवळसर, किंचित शोषक कागदावर पाव पॉइंटापेक्षा (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग) बारीक रेघ तुटते आणि फिकट राखाडी छटा मळकट दिसतात, त्यामुळे छटेऐवजी रेघांनी आणि ठिपक्यांनी काम भागवावे. दोन पानांच्या मधल्या शिवणीत साधारण दीड सेंटीमीटरचा पट्टा गिळला जातो. त्या पट्ट्यात शहर, नाव किंवा खिंड येऊ देऊ नये; मोकळे मैदान किंवा समुद्र असेल तर बिघडत नाही. याची आठवण आराखड्याच्या वेळीच ठेवावी लागते, हे उघड आहे.

किनारा, नद्या, डोंगर, झाडी, रस्ते, सीमा, ठिकाणांच्या खुणा आणि नावे यांना स्वतंत्र लेयर (फाइलमधला सुटा थर) द्यावा. प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असे धरून सगळ्या डोंगरांच्या उजव्या बाजूला छाया द्यावी आणि तो नियम शेवटपर्यंत पाळावा. वरच्या बाजूचे डोंगर आधी काढून खालच्यांनी त्यांचा पायथा झाकत यावे, म्हणजे रांगेला खोली येते. डोंगर जिथे तुरळक असायला हवेत तिथे रिकामी जागा भरून काढण्याच्या भरीस पडू नये, कारण ती जागा नावांसाठी लागणार आहे.

नावे : अर्धा नकाशा इथे आहे

नकाशा शिकवणारे बहुतेक साहित्य रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेले आहे आणि त्यातले काही नियम देवनागरीला लागू पडत नाहीत. मोठ्या प्रदेशाचे नाव अक्षरांमधले अंतर वाढवून पसरवणे ही तिथली नेहमीची रीत. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि नावाचे तुकडे पडलेले दिसतात. अशा ठिकाणी अक्षरांचा आकार वाढवावा आणि ओळीला प्रदेशाच्या आकाराप्रमाणे अगदी सौम्य बाक द्यावा, कारण वळण जास्त झाले तर शिरोरेषेला कोपरे पडतात. नाव पसरवायचेच असेल तर प्रत्येक अक्षर त्याच्या काना-मात्रेसह सुटे ठेवावे. जोडाक्षर कधीही फोडू नये. नद्यांची नावे तिरप्या अक्षरांत लिहिण्याची रीतही इकडे जशीच्या तशी आणू नये. यंत्राने तिरपे केलेले देवनागरी बहुधा कुरूप दिसते. त्याऐवजी नदीसाठी हलक्या वजनाचे, किंचित लहान अक्षर घेऊन ते प्रवाहाच्या वरच्या अंगाने वाहते ठेवावे. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, हे जागेचे गणित करताना धरावे.

फॉन्ट निवडण्यापूर्वी त्यात ‘दर्यापूर, वऱ्हाड, विठ्ठलवाडी, शृंगारतळी’ ही चार नावे लिहून पाहावीत. रफार, ऱ्ह, ठ्ठ आणि शृ नीट उमटले तर बाकीचे सहसा उमटते. मराठी वळणाचे ल आणि श मिळतात का हेही पाहावे. टायरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ते आहेत आणि मुक्त परवान्यामुळे तो व्यावसायिक कामात वापरता येतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत अक्षरांच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ पर्याय निवडला नसेल तर जोडाक्षरे फुटण्याची शक्यता असते. शीर्षकापुरती अक्षरे हाताने काढावीत, बाकीची फॉन्टने लिहावीत. दोनशे नावे हाताने लिहिण्याची हौस पहिल्या दुरुस्तीबरोबर फिटते.

जागेचा क्रम साधा आहे. ठिकाणाच्या खुणेच्या उजवीकडे किंचित वर ही नावाची पहिली पसंती. स्वित्झर्लंडचे नकाशाकार एडुआर्ड इम्होफ यांनी नावांच्या मांडणीचे जे नियम घालून दिले त्यांतही हीच जागा पुढे आहे. ती अडली तर उजवीकडे किंचित खाली आणि मग डावीकडे जावे. बंदराचे नाव समुद्रात लिहावे, किनाऱ्याची रेघ त्याला कापता कामा नये. किनाऱ्यापासून आत असलेल्या गावाचे नाव पूर्ण जमिनीवर. नावाखालून नदी किंवा डोंगराची रेघ जात असेल तर नावाभोवती ती तोडावी, पण सीमारेषा तोडण्यापेक्षा नाव सरकवणे चांगले. आधी प्रदेशांची मोठी नावे बसवावीत, मग पर्वत व समुद्र, मग राजधान्या आणि शेवटी गावे. उलट केले तर ‘पूर्वेचा महासागर’ लिहायला महासागरात जागा उरत नाही.

नावांची यादी लेखिकेकडून टंकलिखित मागवावी आणि ती तशीच उचलून चिकटवावी, पुन्हा टंकू नये. संहितेत एकदा ‘सोनजा’ आणि एकदा ‘सोंजा’ आले असेल, तर कोणते खरे हे तिने यादीत ठरवावे. नावांचा लेयर शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच ठेवावा, त्याचे चित्र करून टाकू नये, कारण प्रकाशनाच्या आठवड्यात राजधानीचे नाव बदलणारे लेखक अजिबात दुर्मीळ नाहीत.

तपासणी आणि पाठवणी

अंतिम प्रत पाठवण्याआधी ती खऱ्या आकारात घरच्या प्रिंटरवर छापून, मधोमध दुमडून, हातभर अंतरावरून वाचावी. पडद्यावर झूम करून वाचलेले सर्वांत छोटे नाव कागदावर वाचता येईलच याची खात्री नसते. देवनागरीत साडेसहा-सात पॉइंटांखाली जाऊ नये असे माझे मत आहे. मग नावांच्या यादीवर एकेक खूण करत नकाशा पडताळावा आणि हे काम शक्य तर ज्याने नकाशा आधी पाहिलेला नाही अशा माणसाकडून करून घ्यावे. ग्राहकाला मंजुरीसाठी पाठवायची प्रत कमी रिझोल्यूशनची आणि आडव्या जलचिन्हाची असावी.

शेवटचा हप्ता जमा झाल्यावर छपाईसाठी एक टिफ किंवा पीडीएफ आणि ई-पुस्तकासाठी एक पीएनजी अशा फायली नावे स्पष्ट लिहून पाठवाव्यात. ई-वाचक यंत्राच्या लहान पडद्यावर अख्खा खंड वाचता येत नाही, त्यामुळे त्याचे दोन भाग करून द्यावेत, म्हणजे लेखिकेला तसे मागावे लागणार नाही. ग्राहक कंपनी असेल तर मानधनातून टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कापला जाऊ शकतो, म्हणून बिलावर पॅन लिहावा आणि कापलेल्या रकमेचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. लेयर असलेली मूळ फाइल करारात वेगळे लिहिले नसेल तर देऊ नये. ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी जतन करून ठेवावी. दुसऱ्या भागात कथा खंडाच्या उत्तरेला सरकेल, तिथे आज मोकळ्या सोडलेल्या जागेत दहा-बारा गावे उगवतील, आणि त्या वाढीव कामाचा दर काय असेल हे याच बिलासोबत एका ओळीत कळवून ठेवावे.